पक्ष्यांची बेगमी



पावसाळ्यापूर्वीं आपल्याकडे घरोघर धान्याची, पापड-कुरडयांची बेगमी होते. ही दूरदृष्टि मनुष्यासच लाभली आहे असा आपला समज असतो. परंतु दारचा कावळाहि पोट भरल्यावर उरलेला भाकरीचा तुकडा कौलांच्या फटींत खोंचून ठेवतो. त्याच्याच कुळांतील एका परदेशस्थ पक्ष्यानें ही विद्या पराकोटीस नेली आहे. त्याची ओळख आज करून देण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच पर्वतांत राहणाऱ्या या करड्या पक्ष्यास क्लार्कचा नटक्रॅकर म्हणतात. विल्यम क्लार्क या प्रवाशानें १८०५ सालीं त्याचें वर्णन टिपून ठेवलें. तेथें व्हाइटबार्क पाइन नांवाचा वृक्ष आहे. त्याचे शंकु पिकले तरी आपोआप उमलत नाहींत. बियांना वाऱ्यावर उडण्यास पंखहि नसतात. नटक्रॅकर चोंचीनें शंकु फोडतो, जिभेखालच्या पिशवींत शंभराच्या आसपास बिया भरतो आणि दूर नेऊन इंचभर खोल पुरतो. एका जागीं चार-पांच, अशा हजारों जागा तो एका हंगामांत करतो.

मग बर्फाखालून त्या सांपडतात कशा? १९८२ सालीं स्टीफन व्हँडर वॉल यांनीं बंदिस्त जागेंत एक प्रयोग केला. पक्ष्यांनीं बिया पुरल्यावर एका अंगाच्या खुणेच्या वस्तु त्यांनीं किंचित् सरकविल्या. तेव्हां पक्षी तेवढ्याच अंतरानें चुकून उकरूं लागले. त्यांची भिस्त वासावर नसून आसपासच्या खुणांच्या स्मरणावर आहे, हें यावरून उघड झालें. ज्याचा सांठा त्यासच ठाऊक असतो. म्हणून या जातींत नरहि अंडीं उबवितो, आणि मादीस स्वतःच्या सांठ्याकडे जातां येतें.

गरजेहून अधिक पुरलेल्या बिया मातींत राहतात व रुजतात. या वृक्षाची पेरणी जवळजवळ सर्वस्वीं अशीच होते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं यूरोपांतून तेथें एक तांबेरा रोग आला. सालींत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांनीं त्यांत भर घातली. असंख्य वृक्ष मेले, आणि २०२२ सालीं अमेरिकन सरकारनें या वृक्षाची गणना धोक्यांत आलेल्या जातींत केली. शंकु फारच थोडे उरले कीं पक्षी त्या रानीं फिरकेनासा होतो. त्याचें पोट इतर पाइनांच्या बियांवर भरतें. पण झाडास दुसरा पेरणारा नाहीं.

आतां तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या झाडांच्या बिया गोळा करून माणसें रोपें वाढवीत आहेत व डोंगरमाथ्यावर तीं हातानें लावीत आहेत. पांखरानें आपल्या पोटासाठीं जें सहज केलें, तें करावयास माणसास केवढी यातायात पडते! एक झाड वांचवावयाचें तर त्याच्या पेरणाऱ्यासहि त्या रानांत राहावेंसें वाटलें पाहिजे, एवढें ध्यानांत आलें तरी पुष्कळ झालें.