मृगातला घोडा पहिल्यांदा कुणी पाहिला?



मृग लागला की आपल्या जळगाव-धुळ्यात कापूस लावायची घाई सुरू होते. पण आकाशातलं मृग नक्षत्र आपल्यापैकी किती जणी ओळखतो? जूनमध्ये ते दिसतच नाही, कारण तेव्हा सूर्यच तिथे असतो. ते बघायचं थंडीत. जानेवारीत जेवणं आटोपली की अंगणातून आग्नेयेला उंच बघा. चार ठळक तारे म्हणजे हरणाचे पाय. मध्ये ओळीत तीन तारे, तो पोटात शिरलेला बाण.

बाणाच्या खाली तीन बारीक ठिपके आहेत. त्यातला मधला पुसट, धुरकट दिसतो. तो म्हणजे वायू आणि धुळीचा प्रचंड ढग. त्याला तेजोमेघ म्हणतात. तिथे नवे तारे जन्माला येतात. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १३०० वर्षं लागतात.

बाणाच्या पूर्वेकडच्या टोकाच्या ताऱ्यापाशी आणखी एक ढग आहे, काळा, अगदी घोड्याच्या डोक्यासारखा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो. पावसाळी ढगात हत्ती दिसावा, तसाच हा घोडा. त्यात शकुन-अपशकुन काही नाही.

हा घोडा पहिल्यांदा पाहिला एका बाईने. तिचं नाव विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून ती अमेरिकेत गेली. पोटुशी असताना नवऱ्याने सोडलं, म्हणून हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी ती घरकाम करू लागली. तिची हुशारी पाहून त्यांनी १८८१ मध्ये तिला वेधशाळेत घेतलं. तिथे काचेवर उतरवलेले आकाशाचे फोटो ती तपासायची. १८८८ मध्ये अशाच एका काचेवर तिला हा आकार दिसला. पण १८९५ ला तेजोमेघांची यादी छापली, त्यात नाव आलं पिकरिंग यांचं. तिला श्रेय मिळायला आणखी काही वर्षं गेली.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. केळीच्या बागेत राबतो आपण, पण पावती कुणाच्या नावाने फाटते? म्हणून आमच्या गटांनी एक सवय लावून घेतली आहे. इतिवृत्तात ‘सदस्यांनी काम केले’ एवढंच न लिहिता जिने केलं तिचं नाव लिहायचं. तुम्हीही लिहा. आणि सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही एकदा बघून या.

येत्या थंडीत लेकीबाळींना घेऊन मृग नक्की बघा.