दूरगावी जागा घेताना

आजचा विषय पैशाचा आहे आणि जमिनीचाही आहे. आपल्या राहत्या गावापासून शंभर-दोनशे कोसांवर, ज्या ठिकाणी आपले सोयरे नाहीत आणि ज्या वाटा आपल्या पायांखालच्या नाहीत, अशा ठिकाणी भूखंड, सदनिका किंवा शेतजमीन विकत घेण्याची प्रथा अलीकडे पुष्कळ वाढली आहे. लातूरकडचे शिक्षक पुण्याजवळ गुंठा-दोन गुंठे घेतात, विदर्भातले कर्मचारी कोकणात बागेचे स्वप्न पाहतात, तर मुंबईत आयुष्य घालवलेली माणसे गोव्यात घर शोधतात. यात वावगे काही नाही. मात्र हा पैसा बहुधा निवृत्तीच्या वेळी एकरकमी हाती आलेला असतो, किंवा आईचे दागिने मोडून उभा केलेला असतो. तो एकदा बुडाला की परत मिळवायला दुसरे आयुष्य नसते. म्हणून चार गोष्टी शांतपणे समजून घेऊ.

आपल्या गावात जमिनीचा व्यवहार कसा होतो ते आठवा. विकणारा कोण, त्याचा बाप कोण, बहिणी किती, बांधाचा तंटा कोणाशी आहे, पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, हे सगळे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असते. कागद नंतर होतो. माहिती आधी असते. दूरगावी नेमके उलट घडते. कागद आधी समोर येतो, तोही गुळगुळीत रंगीत चित्रांचा, आणि माहिती मात्र काहीच नसते. गावात जे काम चावडीवरच्या गप्पांनी आपोआप होते, ते दूरगावी मुद्दाम, पैसे आणि वेळ खर्चून करावे लागते. दूरची जागा स्वस्त वाटते याचे एक कारण हेच की हा खर्च आपण हिशेबात धरतच नाही.

पहिला प्रश्न असा की, विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का?

आपल्याकडे सातबारा म्हटले की पुष्कळांना वाटते, झाले, मालकी सिद्ध झाली. तसे नाही, बरं का. गाव नमुना 7 हा हक्कांची नोंद सांगतो आणि नमुना 12 पिकांची. दोन्ही मिळून सातबारा. ही महसुली नोंद आहे. ती खरी आहे असे कायदा धरून चालतो, पण उलट पुरावा आला तर ती बदलू शकते. म्हणून एकट्या सातबाऱ्यावर थांबू नये. नमुना 6 म्हणजे फेरफार. त्यात नाव कशाने चढले, खरेदीने, वारसाने की वाटपाने, ते कळते. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. ते एकेक काढून मागेमागे जावे. गावठाणात किंवा शहरात सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. हे उतारे आता सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, ही दूरच्या घेणाऱ्याला मोठीच सोय आहे. पूर्वी यासाठी तालुक्याला हेलपाटे घालावे लागत.

सातबाऱ्यावर तीन ठिकाणी बोट ठेवून वाचावे. एक, भूधारणा पद्धती. तेथे ‘भोगवटादार वर्ग 2’ असे असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. दोन, ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, हे सारे तेथे दडलेले असते. तीन, नावे. दहा सहहिस्सेदार असतील आणि सह्या तीनच जणांच्या मिळणार असतील, तर उरलेल्या सातांचा तंटा आपण विकत घेत आहोत असे समजावे. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींच्या सह्या तर अवश्य पाहाव्यात. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. ‘बहिणी काही मागत नाहीत हो’ हे विकणाऱ्याचे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

यानंतर त्या ठिकाणचा वकील नेमावा आणि मागील 30 वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा. वकील आपण निवडलेला हवा. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणून नव्हे, तर ज्याची फी दुसरा देतो त्याचे लक्षही दुसऱ्याकडेच असते म्हणून. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवण्याची चाल आहे. तीही मोडू नये.

दुसरा प्रश्न, आपल्याला ती जागा घेण्याचा हक्क आहे का? हा प्रश्न कित्येकांना सुचतच नाही. महाराष्ट्रात शेतजमीन, परवानगीवाचून, शेतकऱ्यालाच घेता येते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 मध्ये हे बंधन आहे, आणि विदर्भ व मराठवाड्याच्या कुळकायद्यांतही अशाच तरतुदी आहेत. ज्याच्या नावे शेती नाही अशा नोकरदाराने ‘पुढे बघू’ म्हणून शेतजमीन घेतली, तर व्यवहारच अवैध ठरण्याची वेळ येते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या परवानगीवाचून घेता येत नाही, आणि हे बंधन योग्यच आहे. त्यामागे फसवून बळकावलेल्या जमिनींचा मोठा इतिहास आहे.

राज्य बदलले की कायदाही बदलतो. गोव्यात सातबारा नाही. तेथे ‘फॉर्म 1 आणि 14’ पाहावा लागतो. तेथील नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या संमतीखेरीज स्थावर मालमत्ता विकता येत नाही, म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या पत्नीची सही नसेल तर कागद अपुरा. शिवाय 2023 मध्ये गोव्याने शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला हस्तांतरित करण्यावर बंधने घालणारा कायदा केला. आपल्या गावचा कायदा बरोबर घेऊन परगावी जाता येत नाही, हे यातले सार.

तिसरा प्रश्न, त्या जागेवर आपल्याला हवे ते करता येईल का? कोकणात समुद्र दिसेल असा तुकडा घेतला, पण भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्याला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. त्यात कोठे घर बांधता येते, कोठे येत नाही. कोकणातच कित्येक सर्व्हे नंबरांवर 1975 च्या खासगी वनांच्या कायद्याचा शिक्का आहे. पुण्या-नाशकाकडे एकाच गटाचे गुंठे पाडून विकलेले दिसतात. चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, पाटी लावलेली असते, पण त्या आखणीला मंजुरी नसते. खरेदीदाराला मिळतो तो गटातला अविभक्त हिस्सा. त्याचा तुकडा नकाशात कोठेच नसतो. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची बंधने आली. हे नियम आणि बिनशेतीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून दलाल काय म्हणतो ते ऐकून घ्यावे आणि मंजूर रेखांकनाची प्रत मागावी. ती नसेल तर पुढचे बोलणे थांबवावे.

बांधल्या जाणाऱ्या इमारतीतली सदनिका किंवा आखलेला भूखंड घ्यायचा असेल, तर 2016 चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेला ‘रेरा’, आपला सोबती आहे. 500 चौरस मीटरपर्यंतचे किंवा 8 सदनिकांपर्यंतचे लहान प्रकल्प सोडले, तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किंमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी ठेवावे लागतात. असल्या प्रकल्पात मध्यस्थी करणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते. हे सारे महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. ज्याला दहावी झालेला मुलगा आहे, त्याच्या घरी हे पाहून देणारा माणूस आहे असे समजा.

आता चौथी गोष्ट, हिशेब. समजा, 30 लाखांची सदनिका घेतली आणि महिना 9 हजार भाडे ठरले. वर्षाचे झाले 1 लाख 8 हजार. यातून एक महिना घर रिकामे राहिले असे धरून 9 हजार वजा करा. संस्थेचा देखभाल खर्च दरमहा दीड हजार, म्हणजे 18 हजार गेले. मालमत्ता कर आणि डागडुजी 15 हजार. भाडेकरू बदलताना दलाली आणि आपले दोन हेलपाटे मिळून 12 हजार. हाती राहिले 54 हजार, म्हणजे गुंतवणुकीवर शेकडा 1.8. शिवाय खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क साधारण शेकडा 5 ते 7, आणि नोंदणी फी शेकडा 1, कमाल 30 हजार, हे आधीच गेलेले. भाव वाढेल ही आशा खरी असू शकते, पण आशेला उत्पन्न म्हणू नये. कर्जाचा हप्ता आशेतून फेडता येत नाही.

किंमत ठरवताना सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता पाहावा, आणि त्याच भागातल्या अलीकडच्या खरेद्यांची सूची क्रमांक 2 पाहावी. ‘येथे विमानतळ येणार आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याची अधिसूचना मागावी. रस्ता येईलही, पण तो आपल्याच भूखंडावरून जाणार नाही कशावरून?

कागद झाले, तरी पाय झिजवल्यावाचून जागा कळत नाही. एकदा दलालाबरोबर जावे आणि एकदा त्याच्यावाचून जावे. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलावे, किराणा दुकानात चहा घ्यावा, ग्रामपंचायतीत विचारावे की पाणी किती दिवसांआड येते. जाण्याचा रस्ता कोणाच्या मालकीचा, हे तर हमखास विचारावे. भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम कराव्यात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. टेपेने मोजलेला गुंठा आणि सरकारी मोजणीचा गुंठा पुष्कळदा जुळत नाहीत.

पैसे देताना रोखीला स्पष्ट नकार द्यावा. जागेच्या व्यवहारात विकणाऱ्याने 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. आणि रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो, हे त्याहून मोठे कारण. नोटरीपुढचा कागद, इसार पावती, कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखत म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आपल्याला स्वतः जाता येत नसेल, तर विश्वासू माणसाला त्या एका कामापुरतेच मुखत्यारपत्र द्यावे. सर्वाधिकार देऊ नयेत.

खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असेही नाही. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपले नाव चढले का, ते तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, पाहावे. मग कुंपण घालावे, वर्षातून एकदा तरी जाऊन यावे, कर आपल्या नावे भरून पावत्या जपाव्यात. दुसऱ्याने उघडपणे, मालकासारखा 12 वर्षे कब्जा ठेवला, तर 1963 च्या मुदत कायद्यान्वये आपला हक्कच धोक्यात येतो. जमीन कोठे पळून जात नाही, असे आपण म्हणतो. पण ती दुसऱ्याच्या कब्जात मात्र जाऊ शकते.

कोणी विचारील, एवढी यातायात करायची तर दूरची जागा घ्यावीच कशाला? याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे आहे. मुलगा तेथे नोकरीला आहे, म्हातारपणी तेथे राहायचे आहे, असे काही कारण असेल तर अवश्य घ्यावी. नुसते ‘सगळे घेत आहेत’ एवढेच कारण असेल, तर आपल्याच तालुक्याच्या गावी, जेथे चार माणसे ओळखीची आहेत, तेथे थोडी महाग जागा पुष्कळदा स्वस्त पडते.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. गावात कागद वाचून घ्यायला लोक आजही तुमच्याकडे येतात. सातवी-आठवीच्या वर्गात एखाद्या दिवशी फळ्यावर सातबारा काढा. हेक्टर, आर, गुंठे यांचे गणित त्यावरच घाला; ‘इतर हक्क’ म्हणजे काय ते मुलांना विचारा. त्यांच्यातला एखादा उद्या आपल्या वडिलांना म्हणेल, ‘बाबा, सही करायच्या आधी फेरफार बघू या.’ त्या एका वाक्याने एका घराची आयुष्यभराची कमाई वाचू शकते.