असाध्य व्याधी आणि घरची शुश्रूषा
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय निघावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु विवाह, शिष्यवृत्त्या आणि गुणगौरव ह्यांविषयी आपण दरवर्षी बोलतो. आणि ज्यांच्या घरी कोणी अंथरुणास खिळलेले आहे, त्यांना येथे येणेच शक्य होत नाही. त्यांच्या वतीने कोणी तरी बोलणे प्राप्त आहे.

‘आता येथे करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या,’ हे शब्द ऐकून अनेक कुटुंबे हताश होतात. रोग बरा होणार नाही ही एक गोष्ट, आणि रोग्यासाठी काहीच करता येणार नाही ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर ओळखूनच डॉ. सिसिली सॉन्डर्स ह्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. ह्या बाई प्रथम परिचारिका होत्या, वैद्यक त्या मागाहून शिकल्या. कदाचित म्हणूनच त्यांना रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याचेही दुःख कळले असावे. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्यास शांती आवेदना सदन निघाले. पुण्यास वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून चालू आहे. तेथे रोग्याबरोबर घरचे माणूस राहते, शुश्रूषा शिकते, आणि मूल्य घेतले जात नाही. परळच्या टाटा रुग्णालयातही ह्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे.

सर्वांत मोठा प्रश्न वेदनेचा. त्यावर मॉर्फीन हे खात्रीचे औषध आहे; ते तोंडावाटे, बहुधा दर चार तासांनी, घड्याळाच्या काट्याप्रमाणे द्यावयाचे असते. दुखू लागेपर्यंत थांबणे म्हणजे वेदनेस मुद्दाम घरात घेणे होय. प्रारंभी थोडी गुंगी व मळमळ येते, ती काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवे. १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट पुष्कळ मोकळी झाली. कायदा सैल झाला, पण आप्तेष्टांचे मन सैल झाले नाही! समाचारास आलेले कोणी वडीलधारे म्हणतात, ‘अफूचेच ते, सवय लागेल,’ आणि बिचारी सून रात्रीची गोळी चुकविते. ज्याचे महिने मोजले गेले आहेत त्याच्या व्यसनाची ही काळजी मला तरी क्रूर वाटते. वैद्यांनी ठरविलेल्या मात्रेने आयुष्य कमी होत नाही.

दुसरा आग्रह अन्नाचा. अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते. तेव्हा पेज बळेच घातल्याने ठसका लागतो, शक्ती येत नाही. ओल्या कापसाने ओठ व तोंड पुसावे, दोन चमचे गार पाणी द्यावे. दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीस व्रण पडत नाहीत. तोंडाच्या कर्करोगात जखमेस दुर्गंधी येते व माणसे दूर बसू लागतात. त्यावर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकल्यास दुर्गंधी बरीच कमी होते. हा साधा उपाय ठाऊक नसल्याने कित्येकांचे अखेरचे दिवस एकांतवासात गेले आहेत.

रोग्यापासून रोग लपविण्याची रीत आपल्यात दृढ आहे. त्यास बहुधा सारे कळलेले असते. तोही घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग घेतो. सर्व एकदम सांगावे असे मी म्हणत नाही. त्याने विचारले तर खोटे बोलू नये, इतकेच.

आता जिच्यासाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. शुश्रूषा करणारी बहुधा पत्नी, सून अथवा कन्या असते. तीन-तीन महिने तिची सलग झोप होत नाही. परगावचे दीर पैसे पाठवितात, त्यांचे कौतुक होते. ती मात्र उष्टी-खरकटी आवरून समाचारास आलेल्यांसाठी पुन्हा चहा ठेविते. तिने चिडून एखादा शब्द उच्चारला तर तो मात्र ज्ञातीत सर्वतोमुखी होतो.

आपल्या संस्थेचा वैद्यकीय साहाय्यनिधी इस्पितळाच्या पावतीवर मिळतो. घरी जागणाऱ्या बाईस पावती कोण देणार? म्हणून माझी विनंती अशी की, येत्या सर्वसाधारण सभेत नियम दुरुस्त करून गृहशुश्रूषेचा खर्च, रात्रीच्या परिचारिकेचे वेतन धरून, ह्या निधीतून मंजूर व्हावा. दुसरे, उशाकडून वर होणारे दोन पलंग व हवेच्या गाद्या संस्थेने घ्याव्यात आणि विनाशुल्क वापरावयास द्याव्यात. तिसऱ्यास पैसाही लागत नाही : समाचारास जाणाऱ्याने दुपारी दोन तास रोग्यापाशी बसावे आणि घरच्या बाईस निजू द्यावे. चहा घेऊ नये. ह्यासाठी नावे देणाऱ्यांची वही आज प्रवेशद्वारापाशी ठेविली आहे. पलंग ठेवण्यास जागेची अडचण असल्यास माझ्या घराची तळमजल्यावरची खोली रिकामी आहे.