दोन अज्ञातें, दोन विधानें

बीजगणिताचें नांव निघालें कीं चांगल्या शिकलेल्या घरांतही वडील मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात. अक्षरांचा हा खेळ व्यवहारास निरुपयोगी, असा समज त्यामागें असतो. एका साध्या हिशेबानें तो दूर व्हावा.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव आहे. गांवाच्या नांवांतच कुंभार असल्यामुळें उदाहरण मडक्यांचेंच घ्यावें. कल्पना करा कीं, तेथील एका कुंभाराच्या वहींत दोन नोंदी आहेत: तीन घागरी व दोन गाडगीं, ४४० रुपये, एक घागर व चार गाडगीं, २८० रुपये. सुटे दर लिहिलेले नाहींत. मग एका घागरीची किंमत किती?

दुसऱ्या नोंदींत घागर एकच आहे. म्हणून तीच आधीं हातीं घ्यावी. एक घागर म्हणजे २८० रुपयांतून चार गाडग्यांची किंमत वजा केलेली रक्कम. पहिल्या नोंदींत प्रत्येक घागरीच्या जागीं ही रक्कम ठेवावी. तीन घागरींचे ८४० रुपये, त्यांतून बारा गाडगीं वजा. मूळचीं दोन गाडगीं मिळवलीं कीं दहाच वजा राहतात. ही बाकी ४४०. म्हणून दहा गाडग्यांचे ४०० रुपये झाले. गाडगें ४० रुपयांचें, घागर १२० रुपयांची. यासच प्रतिस्थापन म्हणतात. दोन अज्ञातांपैकीं एकानें दुसऱ्याचा वेष घेतला आणि प्रश्नांत अज्ञात एकच उरलें.

येथें एक सावधगिरी हवी. घागरीची रक्कम जिच्यांतून काढली त्याच नोंदींत ती परत घातली, तर २८० बरोबर २८० एवढेंच हातीं येतें. तसेंच दुसरी नोंद सहा घागरी, चार गाडगीं, ८८० रुपये अशी असती, तर ती पहिलीचीच दुप्पट. तिच्यानें नवें ज्ञान होत नाहीं. तेथें ९०० रुपये लिहिले असते, तर दर बदलले किंवा नोंद चुकली, हें गणितच सांगतें.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि रचणाऱ्या भास्कराचार्यांनीं बीजगणितांत अज्ञातांस कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें दिलीं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. आचार्यांच्या एका उदाहरणांत एक मित्र म्हणतो, ‘मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट होईन’. दुसरा म्हणतो, ‘मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन.’ पहिल्याचें धन दुसऱ्याच्या दुपटीहून ३०० नें कमी, एवढें ओळखून तें दुसऱ्या अटींत घालतांच ४० आणि १७० हीं उत्तरें निघतात.

मुलानें उत्तर आणून दाखवलें कीं पाठ थोपटण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें: ताळा दोन्ही विधानांत पाहिलास काय?