परांची केव्हा उतरावी?

मंदिराचे शिखर चढू लागले म्हणजे भोवती बांबूंची परांची बांधावी लागते. गवंडी तिच्यावर उभा राहतो, चिरा मात्र शिखराचाच बसवितो. आणि कळस चढला की परांची उतरवितात. शिकणाऱ्या बालकास द्यावयाच्या साहाय्याला पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रात हेच नाव पडले आहे.

ते रूढ झाले वुड, ब्रूनर व रॉस यांच्या १९७६ सालच्या निबंधाने. तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना त्यांनी २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास दिला होता. अगदी लहानांना शिक्षिकेला करून दाखवावे लागे, मधल्यांना शब्दांनी सुचविणे पुरे होई, आणि मोठ्यांना बहुधा केवळ दुजोरा हवा असे. त्यांतील एक निरीक्षण भाषाशिक्षकाने गाठीस बांधावे. तीन वर्षांच्या मुलास जोडणी स्वतः नीट साधत नसे, परंतु योग्य जोडणी कोणती हे ओळखता येई.

इंग्रजीच्या वर्गातही ओळख आधी येते, उच्चार मागाहून. "स्टँड अप" ऐकून मूल उभे राहिले, की त्या दिवसाचा पाठ झाला. त्याने बोललेच पाहिजे असा हट्ट नको. मग आंबा हाती घेऊन "इज धिस अ मँगो?" असे विचारावे. येथे मान डोलावली तरी चालते. पुढे "अ मँगो ऑर अ बनाना?" येथे उत्तराचा शब्द प्रश्नातच ठेवलेला असतो, मुलाने तो उचलावयाचा. "व्हॉट इज धिस?" हा प्रश्न शेवटचा. पुष्कळ ठिकाणी आरंभच त्याने होतो, वर्ग गप्प बसतो, आणि 'मूल मंद आहे' असा शेरा मिळतो!

"आय मँगो ईट" असे मराठी मूल म्हणते तेव्हा ते आपल्या मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळीत असते. तिच्यात क्रियापद शेवटी येते. त्यास न रागावता "यस, यू ईट अ मँगो" असे शुद्ध रूप त्याच्या कानी घालावे. फळ्यावर वाक्याचा साचा लिहून एक जागा रिकामी ठेवावी. अडलेला शब्द मराठीत, कोंकणीत वा कानडीत सांगण्यात पाप नाही. प्रत्येक वाक्याचे भाषांतर मात्र होऊ लागले, की मूल इंग्रजी ऐकेनासेच होते. ते भाषांतराची वाट पाहत बसते.

पाठशाळेत संथा देताना गुरू आधी चरण म्हणतात, मग अर्धा श्लोक, मग पूर्ण. एके दिवशी त्यांचे ओठ मिटलेले असतात आणि शिष्याचा स्वर थांबत नाही. इंग्रजीच्या वर्गात नेमके हे मिटणे राहून जाते. फळ्यावरचा साचा वर्षभर तसाच राहतो, मूल तो खडखडीत वाचते आणि पाहुण्याने "व्हॉट डू यू ईट?" विचारताच मुके होते.

चाळीस मुलांची परांची एकाच दिवशी उतरविता येत नाही, ही अडचण खरी. ज्यास वाक्य आले त्यास न आलेल्याशेजारी बसवावे. आणि फळा पुसण्यापूर्वी, ज्यास तो अजून हवा आहे त्याच्याकडून ते वाक्य वहीत उतरवून घ्यावे.