पुढची बस केव्हा?

उपनगरातील नागरिक बसकडे पाठ का फिरवतो, याचे कारण बहुधा भाडेवाढ, गर्दी वा मोडकी आसने यांत शोधले जाते. खरे कारण थांब्यावर उभे राहिल्याखेरीज उमगत नाही. तेथे प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : पुढची बस केव्हा?

पुण्याचे उदाहरण बोलके आहे. १९५० साली सुरू झालेली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचे २००७ मध्ये विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल अस्तित्वात आली. दरम्यान शहर पेठांची वेस ओलांडून चौफेर पसरले. २०२१ मध्ये वाघोली, नऱ्हे, सूस यांसह २३ गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. बसच्या फेऱ्या तशा वाढत नाहीत. त्यांसाठी गाड्या, चालक, वाहक, आगार आणि वर्षानुवर्षांची आर्थिक तरतूद लागते.

हिशोब साधा आहे. दर १० मिनिटांनी बस असेल, तर सहज थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. हेच अंतर ४० मिनिटांचे झाले की प्रतीक्षा २० मिनिटांवर जाते. वाटेत तशीच दुसरी बस पकडायची असेल, तर आणखी २० मिनिटे. अर्ध्या तासाचा प्रवास ७० मिनिटांचा होतो. त्यात एखादी फेरी रद्द झाली, तर दिवसाचे सारे गणितच कोलमडते.

मग मध्यमवर्गीय कुटुंब हप्त्यावर दुचाकी घेते. बसचा एक प्रवासी घटतो, रस्त्यावर एक वाहन वाढते. कोंडीत अडकलेल्या बसला आणखी उशीर होतो. उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेले प्रवासीही दुरावतात. या दुष्टचक्राचा खरा भार वाहतात ते दुचाकी न परवडणारे, न चालवू शकणारे : धुणी-भांडी करणारी भगिनी, शिकवणीहून रात्री परतणारी विद्यार्थिनी, रुग्णालयात निघालेले आजोबा.

दुपारी रिकाम्या गाड्या धावविणे म्हणजे करदात्यांच्या पैशाचा अपव्यय, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु दुपारी परतीची बस मिळेल, या भरवशावरच माणूस सकाळी बसने निघतो. म्हणून तुटपुंज्या फेऱ्या सर्वत्र विखुरण्याऐवजी निवडक प्रमुख मार्गांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत नियमित बस हवी आणि आतल्या वस्त्या तिच्याशी जोडलेल्या हव्यात. २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली. पण घरापासून स्थानकापर्यंत बसच नसेल, तर तेथवरही दुचाकीच काढावी लागते.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. प्रत्येक वसाहतीतील चार जाणत्यांनी महिनाभर थांब्यावरील बसच्या वेळा टिपाव्यात आणि तो तक्ता घेऊन प्रशासनाकडे जावे. कोरी तक्रार टाळता येते. तारीखवार नोंद टाळता येत नाही. अधिकारी आणि कामगार शेजारी बसून प्रवास करतात, अशी स्थाने समाजात थोडीच उरली आहेत. बस हे त्यांपैकी एक आहे. ते टिकवायचे, तर आधी ती वेळेवर यायला हवी.