मामाचं घर नसलेली मुलं
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



आम्हा दोघांना बोलायला उभं केलंय ते आम्ही शिक्षणतज्ज्ञ आहोत म्हणून नव्हे, तर आमचा मुलगा पाचगणीला बोर्डिंगमध्ये होता म्हणून. कोविडच्या दोन वर्षांत "आता बोर्डिंगला काही अर्थ आहे का?" हा प्रश्न जबल अलीतल्या आपल्या किती घरांत जेवणाच्या टेबलावर आला, ते आपल्याला ठाऊकच आहे.

2019 च्या जूनमध्ये तो नववीत गेला. मार्च 2020 मध्ये शाळेचा फोन आला, मुलाला दोन दिवसांत घेऊन जा. घेऊन जा म्हणजे कुठे? इथल्या व्हिसाधारकांनाही 19 मार्चपासून प्रवेश बंद झाला होता आणि 22 मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानंच थांबवली. शेवटी मामा पसरणीचा घाट चढून गेला आणि भाच्याला वाईला घरी घेऊन आला. चार महिने तो तिथेच होता. जुलैत विमानं सुरू झाल्यावर तो इकडे आला आणि मग ऑनलाइन वर्ग. तिकडचे आठ म्हणजे आपले साडेसहा! पोरगा पांघरुणातूनच "प्रेझेंट सर" म्हणायचा.

23 नोव्हेंबर 2020 पासून महाराष्ट्रात नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली, तरी निर्णय स्थानिक प्रशासनावर होता. शाळेने वसतिगृह उघडलं ते फेब्रुवारी 2021 मध्ये. आम्ही त्याला पाठवलं. पोचून आठवडा होतोय तोच वाशीम जिल्ह्यात देगावच्या एका निवासी शाळेत 229 मुलं बाधित झाल्याची बातमी आली. त्या रात्री आम्ही एकमेकांशी धड बोललोसुद्धा नाही.

आणि तिथे मिळालं काय? पहिले चौदा दिवस एकट्याची खोली. मैदान बंद, रविवारची बाजारातली फेरी बंद, पालकांना भेट बंद. जेवण पाळीपाळीने, एका टेबलावर एकच मुलगा. फी मात्र पूर्ण. (यावर घरी बरीच वादावादी झाली, ती इथे सांगत नाही.) एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, वसतिगृह पुन्हा रिकामं करायला सांगितलं आणि 24 एप्रिलच्या रात्री भारतातून इकडे येण्याची वाट बंद झाली. आम्हाला तिकडे जाता येत होतं, पण परतीची खात्री नव्हती. नोकरी सोडून जाणार कसं? ऑगस्टमध्ये काही अटींवर वाट उघडेपर्यंत तो पुन्हा मामाकडे.

हिशेबाने पाहिलं तर तो सौदा तोट्याचाच. आम्ही त्याला तसं म्हणालोही. तर म्हणतो कसा, "तुमच्याकडे मी एका खोलीत एकटा होतो. तिथे निदान भिंतीपलीकडून कोणीतरी ठोकून उत्तर द्यायचं." पंधरा वर्षांच्या मुलाला आईबाबांपेक्षा भिंतीपलीकडचा मित्र मोठा वाटतो, हे आम्ही विसरलो होतो. म्हणून आता कोणी विचारलं तर आम्ही बोर्डिंग नको असं म्हणत नाही. एकच विचारतो, वसतिगृह उद्या दुपारी बंद झालं तर पोर संध्याकाळी कोणाच्या घरी जेवेल? ते घर गाडीच्या अंतरावर हवं, विमानाच्या नव्हे. नसेल तर थांबा.

आमच्याकडे मामाचं घर होतं. आजचा निधी ज्या वसतिगृहासाठी आहे, तिथल्या मुलांकडे ते नाही. ही बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या सुमारास आईबाप मुकादमाची उचल फेडायला कारखान्यावर जातात, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. मार्च 2020 मध्ये वसतिगृह बंद झालं तेव्हा कित्येकांचे आईबाप अजून फडातच होते. मुलं म्हाताऱ्या आजीकडे गेली, पुढच्या हंगामात आईबापांबरोबर कोपीत. त्यातली काही मोठी मुलं परत आलीच नाहीत. हातात कोयता आला की वही सुटते. मुलींची तर लग्नंच लावून दिली. आमच्यासाठी बोर्डिंग ही निवड होती. त्यांच्यासाठी ती दोन वेळची भाकरी आणि शाळा दोन्ही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं ते अशाच मुलांसाठी, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवून. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आम्ही काही कोणाचं मंगळसूत्र मागत नाही, घाबरू नका!

बीडच्या वसतिगृहाच्या चालकांना आम्ही विचारलं, तेव्हा बंद का करावं लागलं? ते म्हणाले, सरकारी आदेश होताच. पण नंतर परवानगी मिळाली तेव्हाही उघडता आलं नाही, कारण आजारी मुलाला वेगळं ठेवायला खोलीच नव्हती. एका हॉलमध्ये सगळी मुलं, आणि सगळ्यांत मिळून संडास दोन. तेव्हा आजच्या पैशातून चार खाटांची वेगळी खोली, तिला स्वतंत्र संडास-न्हाणी आणि पाण्याची टाकी एवढं बांधायचं आहे. नकाशा बाहेर देणगीच्या टेबलाशेजारी लावलाय. त्यात हॉलच्या बाजूच्या भिंतीला काचेची बंद खिडकी दाखवली आहे, ती आमच्या मुलाने सुचवलेली.